गुन्हेगार असल्याचा दाखला

वसुंधरा, गाझियाबाद
रविवार, दुपारचे तीन

तीर्थरूप दिनकरराव यांना,

सुधन्वाचा वाकून नमस्कार. एरवी मी तुम्हाला नुसतं 'प्रिय' लिहितो, त्यामुळे 'तीर्थरूप' वाचून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं असेल. तसं काही नाही, निवांत वाचा. गुडघा काय म्हणतो? वहिनींची नवी कवळी बसली का? (परवाच्या फोटोत त्या हसत नव्हत्या, म्हणजे बसली नसावी असं अहिल्या म्हणते. मला वाटतं फोटो तुम्ही काढत होतात.) सांगलीत थंडी पडली असेल. आमच्याकडे थंडी आहे, धूर आहे, आणि सकाळी फिरायला जावं की न जावं यावर सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट आहेत. मी न जाणाऱ्यांत आहे, पण त्याला धुराचं कारण मिळालं याचं मला समाधान आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्यावर या" म्हणता, आणि माझा मुद्दा असा आहे की त्याच्यावर एकदम येता येत नाही. तीस वर्षं तुम्ही वजनमापे निरीक्षक होतात, दुकानदाराच्या हातातून माप काढून घ्यायची तुम्हाला सवय. पत्रात तसं करता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा.

तर, निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. पहिलं वर्ष मी झोपलो. दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या कमिटीत गेलो आणि पाण्याच्या टाकीवरून बाहेर पडलो. तिसऱ्या वर्षी तुमच्या बहिणीने मला "तुम्ही रोज कुठेतरी जात जा" असं शांतपणे सांगितलं. आता जायचं कुठे? विचार करताना लक्षात आलं, की नोकरीत असताना फायलींपेक्षा मी एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे लोकांना घरं शोधून देणं. महाराष्ट्रातून कुणाची दिल्लीला बदली झाली की त्याचा पहिला फोन मला. कुठल्या गल्लीत पाणी चढतं, कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट शनिवारी बंद असते, कुठला घरमालक अंड्याच्या वासावरून भांडतो, हे सगळं मला पाठ. आजवर चाळीसेक कुटुंबं मी जागेला लावली असतील, आणि त्यातल्या एकानेही मला परत शिवी दिलेली नाही (दोघांनी बोलणं सोडलं, पण त्याची कारणं वेगळी होती).

त्यात चंद्रप्रभाताईंचं निघालं. आमच्या सेक्शनमधल्या करंबेळकरांची ही बायको. ते गेल्या वर्षी गेले. आर. के. पुरमचं क्वार्टर मार्चअखेर रिकामं करायचं आहे, आणि त्यांना गाझियाबादला दोन खोल्यांचं स्वतःचं घर घ्यायचं आहे. एका एजंटाने त्यांना दाखवलेल्या घराच्या खिडकीखाली लग्नाचा हॉल होता. दुसऱ्याने दाखवलं ते फक्त चित्रात होतं. शेवटी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, घर तुम्ही बघा, मी डोळे मिटून सही करते." मी म्हटलं, डोळे उघडे ठेवा, आणि मलाही हे रीतसर करू द्या. कारण रीतसर म्हणजे आता रेरा. नोंदणी नसलेल्या माणसाने असे व्यवहार जुळवायचे नाहीत, असा कायदा आहे आणि तो चांगला आहे. नोंदणी झाली की कागदावर माझी सही येणार, उद्या घरात खोट निघाली तर चंद्रप्रभाताईंना माझी कॉलर धरता येणार. माझी कॉलर बेचाळीसची आहे आणि धरायला सोपी आहे.

मी प्रशिक्षणाला नाव घातलं. वर्गात सगळी पंचविशीतली मुलं. पहिल्या दिवशी मला मास्तर समजून ती उभी राहिली आणि मी सवयीने "बैठिए, बैठिए" म्हणालो, त्यामुळे खरे मास्तर आले तेव्हा थोडा गोंधळ झाला. परीक्षेत मला अठ्ठ्याहत्तर गुण पडले. तुमच्या बहिणीने शेजारच्या चार घरांत पेढे दिले, विसाव्या वर्षीही माझ्या निकालाला कुणी दिले नव्हते. मग अर्ज भरायला बसलो. दहा रकाने सरळ गेले. अकराव्यात विचारलं होतं: आपण पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय? असल्यास तपशील द्या व निकालाची प्रत जोडा.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी एकोणतीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

शहाण्णव सालच्या दिवाळीत, रविवारी दुपारी, आर. के. पुरमच्या आमच्या ब्लॉकमागच्या बागेत आम्ही आठ जण सतरंजी टाकून तीन पत्ती खेळत होतो. दिल्लीत दिवाळीला पत्ते खेळतातच, न खेळणाऱ्याला लोक आजारी समजतात. पैसे मध्ये होते, पण ते इतके किरकोळ होते की जिंकणाऱ्याला भज्यांची एक प्लेट आली असती. कुणीतरी तक्रार केली, पोलिसांची गाडी आली, आणि सतरंजीसकट आम्हाला घेऊन गेली. (सतरंजी मुद्देमाल म्हणून जमा झाली. ती तुमच्या आईंनी लग्नात दिलेली होती. 'धोब्याने हरवली' असं मी अहिल्येला सांगितलं होतं, त्याची इथे दुरुस्ती समजावी.) दुसऱ्या दिवशी कोर्टात एका वकिलाने आम्हाला एका ओळीत उभं केलं आणि म्हणाला, "हाँ बोल दो, थोड़ा जुर्माना भरो, घर जाओ." आम्ही आठही जणांनी हाँ म्हटलं. शिक्षा झाली: किरकोळ दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसभर कोर्टातल्या बाकावर बसायचं. साडेचारला साहेब उठले, आम्हीही उठलो आणि बस पकडून घरी आलो. मला वाटलं, झालं ते संपलं. हाँ म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि तसं केलेला माणूस कायद्याने दोषी ठरलेला असतो, हे मला त्या प्रशिक्षणात, सहाव्या तासाला कळलं. त्या तासाला मी टिपणं घेतली नाहीत.

आता काय लिहायचं? सोसायटीतल्या जाणत्या लोकांनी एकमुखाने सांगितलं, "यार, 'नहीं' लिख दो, कौन देखता है." मी 'नाही' लिहिणारच होतो. तेवढ्यात तनया शनिवारची मानेसरहून आली. (तिच्या कारखान्यात ती नव्या कामगारांची मागची माहिती खरी की खोटी ते तपासते. ही मुलगी माझ्या पोटी कशी आली, याबाबत तुमच्या घराण्याकडे बोट जातं.) तिला अर्ज दाखवला, बाग सांगितली, सतरंजी सांगितली. ती जेवता जेवता म्हणाली, "बाबा, ज्यांनी पूर्वी काही केलंय त्यांना आम्ही बहुतेक वेळा घेतो. ज्यांनी लपवलंय त्यांना काढतो. रोज काढतो." मला वाटलं आता सतरंजीचं निघणार. पण अहिल्येने एवढंच विचारलं, "जिंकत होतात का?" मी म्हटलं, हरत होतो. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला. मी 'होय' लिहिलं. फॉर्मवर ते दोन अक्षरी उत्तर लिहायला मला एक आठवडा लागला.

पंधरा दिवसांनी रेराच्या कार्यालयातून खुलाशासाठी बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी मीनाक्षी मॅडम, चाळिशीतल्या, टेबलावर एकही जास्तीचा कागद नाही. मी आत जाताना शर्टाची सगळी बटणं लावली होती, वरचंसुद्धा, त्यामुळे माझा आवाज नीट येत नव्हता. त्यांनी अर्ज वाचला.

"ताश?"

"जी. तीन पत्ती."

"और कुछ?"

"बस. और एक सतरंजी गई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अंकल, सच बताऊँ, जो लोग यहाँ 'नहीं' लिखते हैं, उनकी फाइल मुझे ज़्यादा ध्यान से पढ़नी पड़ती है." मग त्यांनी समजावून सांगितलं. एकदा शिक्षा झाली म्हणून दार कायमचं बंद, असं त्या धरत नाहीत. गुन्हा कसला होता, किती जुना, त्यात कुणाची फसवणूक होती का, नंतर माणूस कसा वागला, आणि आज विचारल्यावर खरं सांगतोय का, हे पाहतात. पत्त्यांचं काही विशेष नाही. फक्त निकालाची प्रत हवी. कागदावर 'होय' आहे, तर त्या 'होय'ला आधार पाहिजे. खोली सोडून बाहेर आलो तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की मेट्रोत मी एका तरुणाला उठून जागा दिली. त्यानेही ती घेतली.

इथून खरी कसरत सुरू झाली. मला आता मी गुन्हेगार असल्याचा पुरावा हवा होता. जुन्या कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये दिलीपसिंह नावाचे बाबू आहेत, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, गळ्यात मफलर. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि शेजारच्यालाही बोलावून परत ऐकवायला लावलं. "बाबूजी, यहाँ लोग बरी होने का, छूट जाने का काग़ज़ माँगने आते हैं. सज़ा का काग़ज़ माँगने वाले आप पहले हैं." फाइल मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट झाली होती. पण दंडाच्या नोंदवह्या ठेवलेल्या असतात. पहिल्या खेपेला कपाटाची किल्ली असलेला माणूस रजेवर होता. दुसऱ्या खेपेला किल्ली होती, पण शहाण्णव साल कपाटाच्या तळाशी होतं आणि वर दोन हजार पाच होतं. तिसऱ्या खेपेला मी घरून डबा आणि दोन हातमोजे घेऊन गेलो, आणि आम्ही दोघांनी मिळून नऊ वर्षं उपसली. धुळीने मला एवढ्या शिंका आल्या की दिलीपसिंहांनी मला आपला मफलर दिला. दुपारी दोनला वही सापडली, लाल फडक्यात बांधलेली. आठ नावं एकाखाली एक. त्यांतले तीन आता नाहीत. करंबेळकरांचं नाव यादीत चौथं होतं. (चंद्रप्रभाताईंना हे मी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं त्या दिवशी ते ऑफिसच्या ऑडिटला होते. मी गेलेल्या माणसाचं ऑडिट बिघडवणार नाही.)

सहावी नोंद माझी. तारीख तीच, कलम तेच, क्वार्टरचा नंबर माझा. इतक्या वर्षांनी स्वतःचा गुन्हा सुवाच्य अक्षरात बघून मला चक्क आनंद झाला. दिलीपसिंहांनी माझा हात हातात घेतला आणि "मुबारक हो" म्हणाले. तीन दिवसांत शिक्क्याची नक्कल मिळाली. नावाच्या रकान्यात एक किरकोळ फरक आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

तर एकंदरीत सगळं छान चाललं आहे. चंद्रप्रभाताईंसाठी मी एक घर हेरून ठेवलं आहे, तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, खाली हॉल नाही, नळाला सकाळी खरंच पाणी येतं (मी दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन नळ सोडून पाहिला). मला सकाळी लवकर जाग येते. शर्टाला इस्त्री मी स्वतः करतो. आणि तुम्ही दोघं फेब्रुवारीत इकडे या, अशी आमची सगळ्यांची फार इच्छा आहे. फेब्रुवारीत दिल्ली बरी असते. सहज या. काही काम म्हणून नव्हे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
सुधन्वा

ता. क. येताना भडंग आणा, आणि आधार कार्ड जवळ ठेवा. प्रवासात लागतं.

ता. क. दुसरा. आधार कार्ड प्रवासाखेरीज आणखी एका कामाला लागेल. तेच नावाच्या रकान्याबद्दल.

त्या दिवशी चौकीत हवालदाराने मला नाव विचारलं, तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, बढतीची परीक्षा तोंडावर होती, आणि पोलिसांनी पकडल्याचं खात्याला कळलं तर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही जातील अशी भीती होती. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. घाबरल्यावर लोकांच्या तोंडी देवाचं नाव येतं. माझ्या तोंडी तुमचं आलं. दिनकर वाळिंबे. वडिलांचं नाव मात्र मी घाईत माझ्याच वडिलांचं सांगितलं आणि पत्ता माझाच दिला, त्यामुळे सरकारदप्तरी तुम्ही गेली एकोणतीस वर्षं माझे सख्खे भाऊ आहात आणि आमच्याच घरात राहता. शिक्षाही तुम्हीच भोगलेली आहे. बाकावर बसून.

हे मला नेहमी आठवत होतं असं नाही. पण विसरलो होतो असंही नाही. तनयाला मी बाग सांगितली, सतरंजी सांगितली, हे सांगितलं नव्हतं. वही उघडली तेव्हा दिलीपसिंहांनी विचारलं, "ये दिनकर कौन?" आणि ओठांवर आलेलं 'मीच' मला गिळावं लागलं. दोन दिवस नक्कल खिशात घेऊन फिरलो. एक वाट अशी होती, की रेकॉर्ड मिळत नाही म्हणून शपथपत्र करून मोकळं व्हावं. ते चाललंही असतं. पण मग पुढे रोज कुणीतरी डोळे मिटून माझ्यासमोर सही करणार, आणि मला हे माहीत असणार.

म्हणून मी परत मीनाक्षी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "ताश की बात अलग थी. ये दूसरे का नाम काग़ज़ पर लिखवाने की बात है. और आपका होने वाला काम ही काग़ज़ पर लोगों के नाम लिखवाने का है." मी म्हटलं, त्या एका दिवसानंतर मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि एकाही कागदावर चुकीचं नाव घातलं नाही, हवं तर खात्याला विचारा. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, मी नाही म्हणत नाहीये. तुम्ही स्वतःचं पूर्ण निवेदन द्या, त्या कोर्टातही खरं काय ते अर्ज करून कळवा, आणि ज्यांचं नाव घेतलंत त्यांना हे ठाऊक आहे असं त्यांच्या तोंडून मला ऐकायचं आहे. समोर बसून. ते काय म्हणतील ते म्हणोत, मला तेही नोंदवायचं आहे. मग ठरवू.

कोर्टातला अर्ज मी परवा दिला. त्याचं जे व्हायचं ते होवो, मी माझ्या नावाने तिथे उभा राहीन. तुम्ही मॅडमसमोर येऊन माझी बाजू घ्या असं मी म्हणत नाही. तुम्ही वजनात कधी एक ग्रॅम इकडेतिकडे होऊ दिला नाहीत, तेव्हा जे वाटेल ते स्वच्छ सांगा. रागावलात तर तसं सांगा. फक्त या. आणि दिनकरराव, मला माफ करा. हे आधी लिहायचं होतं, पण मग पुढचं लिहिता आलं नसतं.

ता. क. तिसरा, अक्षर अहिल्येचं:

दादा, हे पत्र यांनी पाच वेळा लिहिलं, पहिल्या चारांत दुसरा ता. क. नव्हता. मी पोस्टात टाकू दिली नाहीत. यांना मी विचारलं, तुमचे स्वतःचे दोन भाऊ असताना दादाचंच नाव का, तर म्हणाले, त्या दोघांची नावंही माझ्यासारखीच पुराणातली, ती कुणी खरी मानली असती. तू काय बोलायचं ते बोल, मीही अजून सगळं बोललेली नाही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस सकाळी उठून दाढी करतो आहे, तेवढं बघ. सहा फेब्रुवारीचं मिरजेहून निजामुद्दीनचं तिकीट काढलंय, तुझा आणि वहिनीचा दोघांचा खालचा बर्थ आहे. तिकीट तुझ्या नावावर आहे. तुला विचारलं नाही, पण आता या घरात तशी पद्धतच आहे.